सेवापुस्तक सध्या कुणाच्या टेबलावर आहे?

पंचायत समितीच्या शिक्षण विभागात मला आस्थापना टेबल, म्हणजे शिक्षकांच्या सेवेच्या नोंदींचं काम, मिळालं, तेव्हा त्याच आदेशाच्या शेवटच्या ओळीत अभिलेख कक्षाचा अतिरिक्त कार्यभारही माझ्या नावावर आला. चार्ज यादी जेमतेम एका पानाची होती. लोखंडी रॅक, लाकडी कपाट, एक शिडी आणि त्याखाली "जुने दप्तर (न मोजता)". ते "न मोजता" वाचून सही करायला हात धजावेना. शेवटी सहीखाली "अभिलेखाची यादी तयार करून स्वतंत्रपणे सादर करते" असं लिहिलं आणि तारीख टाकली. पुढचं सगळं काम त्या ओळीपासून सुरू झालं.

कृष्णाकाठचा तालुका. जिल्हा परिषदेच्या सगळ्या प्राथमिक शाळांचे शिक्षक, त्यांची सेवापुस्तकं, रजेचे अर्ज, वैद्यकीय बिलं, बंद पडलेल्या शाळांची जनरल रजिस्टरं, शिष्यवृत्तीच्या याद्या, चौकशीच्या नस्त्या (फायली), लेखापरीक्षणाचे आक्षेप, सगळं एका लांबट खोलीत. खोलीला कुलूप होतं, पण किल्ली आवक-जावकच्या खिळ्याला टांगलेली. ज्याला जे हवं ते तो जाऊन काढून आणायचा. परत ठेवलं तर ठेवलं.

अशा खोलीचं काय होतं ते मला लवकरच कळलं. एका शिक्षकांचं सेवेत असताना निधन झालं. त्यांच्या पत्नी दिरांना घेऊन ऑफिसला आल्या. कुटुंब निवृत्तिवेतनाचं प्रकरण जिल्हा परिषदेच्या वित्त विभागाकडे पाठवायचं तर मूळ सेवापुस्तक लागतं, आणि ते जागेवर नव्हतं. नोंदवहीत त्यांच्या नावापुढे "दिले" एवढाच शब्द आणि एक वेलांटीसारखी सही. कुणाला दिलं, कधी दिलं, कशासाठी दिलं, काही नाही. त्या बाईंनी मला विचारलं, "मॅडम, पुस्तक सापडलं नाही तर ह्यांनी नोकरी केलीच नाही असं धरतील का?"

मी त्यांना नाही म्हणाले, आणि ते खरंही होतं. वेतनपटावरून, शाळेच्या हजेरीपटावरून सेवा पुन्हा उभी करता येते. पण त्याला किती टेबलं आणि किती महिने लागतात ते मला माहीत होतं. सेवापुस्तक म्हणजे काय हे ज्यांनी ते कधी उघडलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पहिल्या पानावर नाव, जन्मतारीख आकड्यात आणि अक्षरात, उंची, ओळखीची खूण, डाव्या हाताच्या बोटांचे ठसे. ह्या पानाचं दर पाच वर्षांनी पुन्हा साक्षांकन करायचं असतं. पुढे नेमणुकीचा आदेश, प्रत्येक बदली, प्रत्येक वेतनवाढ, वेतन आयोगाची वेतननिश्चिती, गट विम्याची नोंद, नामनिर्देशन, मागच्या बाजूला रजेचा हिशेब. आणि दर वर्षी एक ओळ: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतची सेवा वेतनपटावरून पडताळली. ती ओळ एखाद्या वर्षी राहिली की निवृत्तीच्या वेळी त्या वर्षाचा शोध सुरू होतो. माणसाची सगळी नोकरी त्या जाड पुठ्ठ्याच्या आत असते, आणि ते पुस्तक त्याच्या स्वतःच्या हातात वर्षातून एकदा, सही करण्यापुरतंच यायला हवं असा नियम आहे. बऱ्याच ठिकाणी तेवढंही येत नाही.

ते पुस्तक सापडलं. वेतन पडताळणीला गेलेल्या पुस्तकांचा एक गठ्ठा परत येऊन, सुतळीही न सोडता, दुसऱ्या एका टेबलाच्या कपाटावर पडून होता. त्यात होतं. कुणी लपवलं नव्हतं, कुणी पैसे मागितले नव्हते. फक्त कुणी लिहून ठेवलं नव्हतं.

त्यानंतर मी ठरवलं की ह्या खोलीतला कुठलाही कागद सध्या कुठे आहे, हे माणसाला न विचारता कळलं पाहिजे.

तोवर ते ज्या माणसाला विचारायचे ते म्हणजे आमचे परिचर मामा. "मामांना विचारा" हीच आमच्या अभिलेख कक्षाची पद्धत होती, आणि मामा होते म्हणून ती चालली. कुठल्या शाळेचं दप्तर कुठल्या कप्प्यात, कुठल्या साली गठ्ठे हलवले, सगळं त्यांना तोंडपाठ. ते सांगायचे, "2019 च्या पुरात खालच्या कप्प्याला ओल आली, तवा बिलं वर टाकली आणि वरचं दप्तर मधी आलं." कुठल्याच यादीत हे लिहिलेलं नव्हतं. मामा निवृत्तीला आले होते. म्हणून मी रोज संध्याकाळी टपाल संपलं की त्यांना घेऊन खोलीत जायची. ते एकेक कप्पा दाखवायचे, मी लिहायची. रॅकला आकडा, कप्प्याला अक्षर, गठ्ठ्याला पुन्हा आकडा. 3/ब/12 म्हणजे तिसरा रॅक, ब कप्पा, बारावा गठ्ठा. हाच क्रमांक गठ्ठ्याच्या चिठ्ठीवर, हाच यादीत, आणि हाच नस्तीच्या पाठीवर.

ही कल्पना माझी नव्हे. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना ह्यांनी आपल्या कार्यालयाची फेरमांडणी केली, ती "लखिना पॅटर्न" म्हणून महाराष्ट्रभर ओळखली गेली. 2017 मध्ये पुण्याचे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी ह्यांनी झिरो पेंडन्सीची, म्हणजे एकही प्रकरण तुंबू न देण्याची, मोहीम चालवली, तेव्हा सहा गठ्ठे पद्धत पुन्हा प्रत्येक टेबलावर आली: चालू प्रकरणं, प्रतीक्षेतली प्रकरणं, नियतकालिक अहवाल, स्थायी आदेशांची संचिका, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणं आणि नष्ट करायचे कागद. आमच्याकडेही ती झाली होती. पण टेबलावरचे गठ्ठे नीट लागले आणि पाचवा गठ्ठा अभिलेख कक्षाच्या दारात येऊन थांबला, कारण आत त्याला जागा ठरलेली नव्हती.

वर्गवारी करताना खरा घाम निघाला. अ वर्ग कायमचा, लाल रुमालात (दप्तर बांधायच्या कापडात). ब वर्ग 30 वर्षांचा, हिरव्या. क वर्ग 10 वर्षांचा आणि क-1 पाच वर्षांचा, हे पिवळ्या. ड वर्ग एका वर्षाचा, पांढऱ्या. हे पाठ असणं सोपं, पण समोर आलेली नस्ती कुठल्या वर्गातली हे नस्ती बंद करणाऱ्यानंच तिच्यावर लिहायचं असतं, आणि जुन्या नस्त्यांवर ते क्वचितच लिहिलेलं सापडतं. मग प्रत्येक नस्ती उघडून पाहायची. शिक्षकाच्या नेमणुकीचा मूळ आदेश कधीकधी किरकोळ रजेच्या अर्जांच्या गठ्ठ्यात निघतो. तो तसाच ड मध्ये गेला असता तर वर्षभरात नष्ट झाला असता. नष्ट करण्याआधी यादी करून कार्यालय प्रमुखांची मंजुरी घ्यायची, आणि कोर्ट, लेखापरीक्षण किंवा माहिती अधिकाराचं अपील चालू असलेला एकही कागद त्या यादीत जाऊ द्यायचा नाही, हे मी फार कटाक्षाने पाळलं. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम 2005 मध्ये बेकायदा अभिलेख नष्ट करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. रद्दीवाल्याला पोतं उचलून देताना हे कुणाच्या ध्यानात नसतं.

यादी संगणकावर घेताना आणखी एक अडचण आली. आधीची एक यादी होती, पण ती जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टंकलेली. उघडली की अक्षरं दिसायची, पण शोध घेतला की एकही नाव सापडायचं नाही. ती सगळी युनिकोडमध्ये नव्याने टंकली. तरी नावावरून शोध लागेना. दत्तात्रय आणि दत्तात्रेय, सुर्यवंशी आणि सूर्यवंशी. शिक्षिकांच्या बाबतीत तर पुस्तक माहेरच्या नावाने आणि आदेश सासरच्या नावाने. लग्नानंतर राजपत्रात नाव बदललेलं असतं, पण पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर जुनंच राहतं. निवृत्तीच्या वेळी एका बाईंना "तुमचं पुस्तक आमच्याकडे नाही" असं उत्तर मिळालेलं मी पाहिलं आहे, आणि पुस्तक तिथंच होतं, माहेरच्या आडनावाखाली. म्हणून यादीत दोन्ही नावांचे रकाने केले आणि जन्मतारखेचा तिसरा. दोन माणसांची नावं सारखी असतात, नाव आणि जन्मतारीख दोन्ही सारखं क्वचित असतं.

आता देवघेव. मी मागणी चिठ्ठीचा नमुना केला. पाव पानाचा. कोणती नस्ती, कशासाठी, कोण घेतंय, कुणाच्या परवानगीने, परत कधी. खाली सही, आणि सहीखाली नाव सुवाच्य अक्षरात. कार्बन घालून दोन प्रती. एक माझ्या फाईलला, दुसरी पुठ्ठ्याच्या लांब पट्टीला टाचून नस्ती जिथून काढली तिथेच उभी करायची. रॅकसमोर उभं राहिलं की कुठे पट्ट्या आहेत ते दिसतं आणि पट्टीवर नाव दिसतं. सात दिवसांची मुदत. शुक्रवारी पट्ट्यांवरून नजर फिरवायची आणि मुदत उलटलेल्यांना टेबलावर जाऊन विचारायचं.

सहकाऱ्यांना हे पटायला वेळ लागला. "मॅडम, आपल्याच ऑफिसात आपण आपल्यालाच चिठ्ठी द्यायची का?" असं बऱ्याच जणांनी विचारलं, आणि ते रागाने नव्हतं. वर्षानुवर्षं विश्वासावर चाललेल्या ठिकाणी चिठ्ठी मागितली की माणसाला अविश्वास वाटतो. मी गटशिक्षणाधिकारी साहेबांकडे गेले. त्यांनी पहिली चिठ्ठी स्वतः भरली, स्वतःला हव्या असलेल्या एका चौकशीच्या नस्तीसाठी, आणि मुदतीच्या आत नस्ती परत पाठवली. त्यानंतर कुणाला काही म्हणायला जागा राहिली नाही. त्या साहेबांबद्दल मला आजही आदर आहे.

कोण काय पाहू शकतो ह्याचं एक पानी कोष्टक मात्र विचारपूर्वक करावं लागलं. स्वतःचं सेवापुस्तक ज्याचं त्याला केव्हाही, माझ्यासमोर बसून. गोपनीय अहवाल वेगळ्या कुलूपबंद कपाटात, पण ज्याचा अहवाल त्याला त्यातला शेरा कळायलाच हवा. सर्वोच्च न्यायालयाने 2008 च्या देव दत्त प्रकरणात प्रत्येक शेरा संबंधिताला कळवायला सांगितलं आहे. लैंगिक छळाच्या तक्रारी पाहणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीच्या नस्त्या तर आस्थापनेच्या लिपिकानेही उघडायच्या नाहीत. त्याविषयीच्या 2013 च्या कायद्याच्या कलम 16 ने तक्रारदार महिलेची ओळख आणि तक्रारीचा मजकूर उघड करायला मनाई केली आहे, आणि माहिती अधिकाराचा कायदाही तिथे चालत नाही. त्या नस्त्या मला उघड्या रॅकवर, पाठीवर बाईंच्या नावासकट मिळाल्या होत्या. त्या दिवशीच मी त्या लखोट्यात घालून, सील करून समितीच्या अध्यक्षांच्या ताब्यात दिल्या आणि पोच घेतली.

वैद्यकीय बिलांचंही तसंच. बिलाच्या प्रतिपूर्तीसाठी शिक्षक आपल्या आजाराचे कागद जोडतात. कुणाचं ऑपरेशन, कुणाच्या मुलाचे मानसोपचार, कुणाचं गर्भाशय काढलेलं. पैसे मंजूर झाले की तो गठ्ठा रॅकवर पडतो आणि स्टाफरूममधल्या बोलण्याला विषय मिळतो. नियमाने हे कागद लेखापरीक्षणापर्यंत जपायचे असतात, सगळ्यांना दाखवायचे नसतात. म्हणून बिलं कुलपात गेली. ह्यावर कुणी तक्रार केली नाही. दोन शिक्षिका मुद्दाम येऊन आभार मानून गेल्या.

माहिती अधिकाराने ह्या खोलीचं दार बाहेरच्यांसाठी उघडलं, आणि ते उघडंच राहायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे. 12 ऑक्टोबर 2005 पासून हा कायदा लागू आहे. त्याच्या कलम 4 ने अभिलेखाची सूची करून ठेवणं ही कार्यालयाचीच जबाबदारी ठरवली आहे. अर्जदाराला कागद लवकर मिळत नाही ह्याचं कारण पुष्कळदा नकार नसून पसारा असतो. आमच्याकडे सूची झाल्यावर बरेचसे अर्ज 30 दिवसांची वाट न पाहता निघू लागले. राज्य शासनाने 2018 मध्ये सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना अभिलेख पाहू द्यायची सूचना काढली होती. आम्हीही तीच वेळ ठेवली. माणूस येतो, समोर बसतो, पानं उलटतो, हवं ते टिपून घेतो. कित्येकांचा अर्ज तिथेच संपतो.

अवघड प्रकरणं वेगळी. शेताच्या बांधावरून भांडण झालेला शेजारी शिक्षकाच्या सेवापुस्तकाची पूर्ण प्रत मागतो. तिथे कलम 11 प्रमाणे पाच दिवसांत त्या शिक्षकाला कळवायचं, त्याचं म्हणणं मांडायला दहा दिवस द्यायचे. गिरीश देशपांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये कर्मचाऱ्याला दिलेले ज्ञापन (मेमो), कारणे दाखवा नोटिसा, मालमत्तेचा तपशील ही वैयक्तिक माहिती मानली. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाने माहिती अधिकारातल्या, वैयक्तिक माहितीबद्दलच्या कलम 8(1)(ञ) चा मजकूरच बदलण्याची तरतूद केली. तरी सगळंच नाकारणं मला कधी पटलं नाही. नेमणुकीचा आदेश, पद, पगाराची श्रेणी, बदलीचा आदेश हे सार्वजनिक पैशाशी जोडलेलं आहे. कलम 10 प्रमाणे जे द्यायचं ते द्यावं आणि आजार, नामनिर्देशन, बँक खातं झाकावं. अशी प्रत करताना मी आधी झेरॉक्स काढते, त्यावर काळी पट्टी चिकटवते आणि त्याची पुन्हा झेरॉक्स काढते. नुसत्या पेनने खोडलेलं उजेडात धरलं की वाचता येतं.

आता पत्रांविषयी, कारण खोली लावण्याइतकंच हे काम मोठं होतं. आमच्याकडून माहिती अधिकाराला जाणारं उत्तर असं असायचं:

"उपरोक्त संदर्भीय विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, आपल्या संदर्भीय अर्जान्वये मागणी केलेली माहिती या कार्यालयाच्या अभिलेखावर उपलब्ध असून नियमाप्रमाणे शुल्काचा भरणा केल्यानंतर सदरची माहिती आपणांस उपलब्ध करून देण्यात येईल, याची नोंद घ्यावी."

हे वाचून म्हातारा माणूस एसटीने येतो आणि विचारतो, "मॅडम, म्हणजे किती पैसे आणि कुठं भरायचे?" पत्रात ते नसतंच. मी तेच पत्र असं लिहायला लागले:

"तुमचा अर्ज मिळाला. तुम्ही मागितलेल्या कागदांची 14 पानं आहेत. एका पानाला 2 रुपये, म्हणजे 28 रुपये होतात. ते आमच्या रोखपालांकडे कामाच्या दिवशी 11 ते 2 ह्या वेळेत भरा आणि पावती दाखवा. प्रती त्याच दिवशी मिळतील. टपालाने हव्या असतील तर टपालखर्च वेगळा पडेल. ह्या उत्तराने समाधान झालं नाही तर 30 दिवसांत खालील अधिकाऱ्यांकडे पहिलं अपील करता येईल."

खाली अपिलीय अधिकाऱ्यांचं पदनाम आणि पत्ता. वर विषय, संदर्भ, जावक क्रमांक, तारीख जसंच्या तसं. पहिल्यांदा हे पत्र सहीला गेलं तेव्हा कक्ष अधिकाऱ्यांनी परत पाठवलं. शेरा होता, "शासकीय भाषेत सादर करावे." मी समोर जाऊन बसले. म्हटलं, साहेब, ह्यात कुठलाही नियम सुटलेला नाही, क्रमांक आहे, तारीख आहे, रक्कम आहे, अपिलाची मुदत आहे. उलट आधीच्या पत्रात रक्कमच नव्हती, आणि रक्कम कळवल्याशिवाय 30 दिवसांचं मोजणं थांबत नाही. रक्कम कळवल्यापासून ती भरेपर्यंतचे दिवस कायदा वगळतो, पण आधी कळवलेली तर हवी. हे त्यांना पटलं. फक्त "पानं" चं "पाने" आणि "झालं" चं "झाले" करून घेतलं. तेवढं मान्य. औपचारिक मराठी साधी असू शकते, हे मला तेव्हापासून ठामपणे वाटतं. राजभाषा अधिनियम 1964 ने कारभार मराठीत आणला तो लोकांना समजावा म्हणून, आणि पत्र समजून घ्यायला माणसाला पुन्हा ऑफिसात यावं लागत असेल तर तो हेतू तिथे संपतो.

टिप्पणीचंही, म्हणजे निर्णयासाठी नस्तीवर लिहून वर पाठवायच्या टिपेचंही, तसंच केलं. पूर्वी टिप्पणी म्हणजे आलेल्या पत्राची नक्कल आणि शेवटी "आदेशार्थ सादर". आता मी पहिल्या परिच्छेदात काय मागितलं आहे ते लिहिते, मग नस्तीत काय आहे ते पान क्रमांकासह, मग नियम, आणि शेवटी मी काय प्रस्तावित करते ते. प्रस्ताव न लिहिता नस्ती वर पाठवणं म्हणजे काम वर ढकलणं. त्यासाठी आधी नस्तीला पान क्रमांक हवेत. पान क्रमांक टाकलेल्या नस्तीतून कागद काढला तर कळतं. ज्या नस्तीला पान क्रमांक नाहीत तिच्यातून काहीही जाऊ शकतं, आणि पुढे ते सिद्धही करता येत नाही. नव्याने लागलेल्या कनिष्ठ सहायकांना मी पहिल्या आठवड्यात हेच शिकवते. नवीन कागद वर नाही, खाली लागला पाहिजे, आणि लागल्याबरोबर त्याला आकडा पडला पाहिजे.

2023 च्या अखेरीस ह्या सगळ्याची परीक्षा झाली. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि शाळांची जुनी जनरल रजिस्टरं एकाएकी सगळ्यांना हवी झाली. जातीच्या दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा म्हणून शाळेच्या नोंदीला फार मोल असतं. सकाळी ऑफिस उघडायच्या आधी व्हरांड्यात माणसं बसलेली असायची, आजोबांचं नाव आणि गाव कागदावर लिहून आणलेली. काही रजिस्टरं मोडी लिपीत. पानं इतकी जीर्ण की बोटाला चिकटायची. पहिल्या दिवशी लोकांच्या हातात रजिस्टर दिलं असतं तर आठवड्यात ते उरलं नसतं. ठरवलं की मूळ रजिस्टर टेबलावरून हलणार नाही, पान आम्ही उलटणार, फोटो आम्ही काढून देणार आणि साक्षांकित उतारा नियमाने देणार. फोटो काढताना पानाखाली पांढरा कागद सरकवायचा म्हणजे मागच्या पानाची शाई दिसत नाही. मोडी वाचणारे जाणकार आले तेव्हा त्यांना गावनिहाय यादी तयार मिळाली. शेजारच्या तालुक्यातून आलेल्या एका वाचकांनी ती यादी पाहून विचारलं, ही कधी केली? मामांबरोबर बसून लिहिलेल्या त्या संध्याकाळच्या वह्या मी त्यांना दाखवल्या.

ज्या दिवशी एखाद्या माणसाची नोंद सापडायची त्या दिवशी खोलीत जो आनंद व्हायचा तो खरा होता. पण मला न सापडलेल्यांचीही तितकीच काळजी वाटायची. त्यांना नुसतं "नाही" सांगू नये म्हणून मी एक छोटा दाखला करून घेतला होता: अमुक गावच्या शाळेची अमुक सालापासून अमुक सालापर्यंतची रजिस्टरं पाहिली, त्यात हे नाव आढळलं नाही, त्याआधीची रजिस्टरं ह्या कार्यालयात उपलब्ध नाहीत. माणसाला पुढे कुठे शोधायचं ते त्यातून कळतं. भूमी अभिलेख, तहसील, गावचा जन्म-मृत्यूचा नमुना, अशा जागा मी मागच्या बाजूला लिहून द्यायची.

कागदाची शिस्त बसली तशी संगणकावरची फट जास्त ठळक दिसू लागली. सेवापुस्तकांच्या स्कॅन प्रती एका सामायिक फोल्डरमध्ये होत्या आणि दुवा ज्याच्याकडे असेल त्याला सगळं उघडत होतं. शिष्यवृत्तीच्या मुलांच्या याद्या, आधार आणि बँक खात्यासकट, शाळांच्या केंद्राच्या (शेजारच्या शाळांच्या गटाच्या) व्हॉट्सॲप गटांवर फिरत होत्या. वेतन प्रणालीचा पासवर्ड पिवळ्या चिठ्ठीवर, मॉनिटरला चिकटवलेला. खोलीला कुलूप लावून हे उघडं ठेवण्यात काही अर्थ नव्हता. फोल्डर टेबलनिहाय वेगळे केले. बदल करण्याचा अधिकार ज्याचं टेबल त्याला, बाकीच्यांना फक्त पाहण्याचा, आणि तोही गरजेपुरता. व्हॉट्सॲपवर याद्या टाकू नयेत म्हणून साहेबांच्या सहीने पाच ओळींचं परिपत्रक काढलं. मुलांची नावं, आधार, खाते क्रमांक गटावर टाकू नयेत, कार्यालयाच्या ईमेलवर पाठवावेत, आधी टाकलेले संदेश पाठवणाऱ्याने काढून टाकावेत. त्यात दुसरं काहीच घातलं नाही. लांब परिपत्रक कुणी शेवटपर्यंत वाचत नाही आणि शेवटी जे महत्त्वाचं असतं तेच राहून जातं. मुख्याध्यापकांनी ते वाचलं, आणि याद्या ईमेलवर यायला लागल्या.

आता मे महिन्यात बदल्या आहेत आणि माझं नाव यादीत आहे. चार्ज यादी ह्या वेळी जाड आहे. प्रत्येक गठ्ठा, प्रत्येक कपाट, सध्या बाहेर असलेल्या नस्त्या कुणाकडे आहेत त्यांच्या चिठ्ठ्यांसह. त्यासोबत नव्या सहायकांसाठी दोन पानांची टीप लिहिली आहे. पहिल्या पानावर रोजचं काम, दुसऱ्यावर ज्या गोष्टी अजून राहिल्या आहेत त्या. बंद पडलेल्या वस्तीशाळांचं दप्तर शाळांतून आणायचं आहे, 1990 च्या आसपास लागलेल्या काही शिक्षकांच्या दुय्यम सेवापुस्तकांवर नोंदी घ्यायच्या आहेत, आणि ती पुस्तकं ज्यांची त्यांना सही घेऊन द्यायची आहेत, म्हणजे उद्या मूळ पुस्तक कुठे अडकलं तरी माणूस रिकाम्या हाताने उभा राहणार नाही. टिपेच्या शेवटी लिहिलं आहे: चार्ज घेतल्याच्या दिवशीच फोल्डरमधून माझं नाव काढावं आणि सगळे पासवर्ड बदलावेत, माझ्यासमोर.